न्यूयॉर्कची कबुली, न्यू जर्सीचं लायसन्स

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे. गेल्या महिन्यात मॅनहॅटनमधून मित्राच्या वाढदिवसाहून परतताना हॉलंड टनेलच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं. श्वासाच्या चाचणीत दारूचं प्रमाण ०.०९ आलं. तिथले वकील म्हणतात, सरकारी वकील डीडब्ल्यूआय (दारूच्या नशेत गाडी चालवणं) याऐवजी डीडब्ल्यूएआय (दारूचा थोडा अंमल असताना गाडी चालवणं) या सौम्य आरोपावर तयार आहेत. तो क्रिमिनल गुन्हा नाही. दंड भरायचा, नव्वद दिवस न्यूयॉर्कमध्ये गाडी चालवायची नाही, की विषय संपला. लायसन्स न्यू जर्सीचं आहे आणि कार्ड माझ्याच खिशात आहे. इथे काही होणार नाही ना? ऑफिस प्रिन्स्टनला, गाडीशिवाय जाता येत नाही. डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला पुण्याला जायचं आहे. – स.

उत्तर : होणार आहे. कोर्टात अजून कबुली दिली नसेल, तर हे आधी वाचा.

न्यूयॉर्क तुमचं लायसन्स काढून घेऊ शकत नाही हे खरं. ते लायसन्स न्यू जर्सीने दिलेलं आहे. न्यूयॉर्कला फक्त आपल्या रस्त्यांवर तुम्हाला बंदी घालता येते. कार्ड खिशात राहिलं ते एवढ्याचसाठी. पण ही दोन्ही राज्यं ड्रायव्हर लायसन्स काँपॅक्ट या करारात आहेत. ४५ राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. त्यात आहेत. निकाल लागला की न्यूयॉर्क तो न्यू जर्सीच्या मोटर व्हेइकल कमिशनला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याला कळवतं. दारू पिऊन गाडी चालवणं, धडक देऊन पळून जाणं अशा मोजक्या गंभीर गुन्ह्यांत कराराची अट स्पष्ट आहे : तो प्रकार आपल्याच राज्यात घडला असं धरून घरच्या राज्याने कारवाई करायची.

तुमच्या वकिलांनी कदाचित सांगितलं नसेल ते पुढेच आहे. न्यूयॉर्कमध्ये दोन पायऱ्या आहेत, वरची डीडब्ल्यूआय आणि खालची डीडब्ल्यूएआय. न्यू जर्सीत खालची पायरीच नाही. त्यामुळे तिथलं डीडब्ल्यूएआय इथे डीडब्ल्यूआयसारखंच वाचलं जातं आणि इथल्या न्यायालयांनी ते मान्य केलं आहे. उद्या, देव न करो, पुन्हा असं घडलं तर हा निकाल तुमचा पहिला गुन्हा म्हणून मोजला जाईल. त्यातून सुटायचं तर प्रमाण ०.०८ पेक्षा कमी होतं हे तुम्हीच ठोस पुराव्याने दाखवायचं. तुमच्या कागदावर तर ०.०९ लिहिलेलं आहे.

डीडब्ल्यूएआय घेऊ नका असं मी म्हणत नाही. न्यूयॉर्कमध्ये डीडब्ल्यूआय हा क्रिमिनल गुन्हा आहे, तो टळणं मोलाचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की न्यूयॉर्कच्या वकिलांना न्यू जर्सीच्या वकिलाशी फोनवर बोलायला लावा, आणि तेही कबुलीच्या आधी. नंतर आलेल्या किती जणांना मला ‘आता फार काही करता येत नाही’ असं सांगावं लागलं आहे, आणि दर वेळी ते सांगताना जीव तुटतो.

पैशांचं गणितही मांडून घ्या. न्यूयॉर्कचा दंड ३०० ते ५०० डॉलर. त्यावर तिथलं असेसमेंट, म्हणजे जादा आकार, वर्षाला २५० प्रमाणे तीन वर्षं. शिवाय न्यू जर्सीचा सरचार्ज वर्षाला १,००० प्रमाणे तीन वर्षं, कारण तो दुसऱ्या राज्यातल्या तशाच गुन्ह्यालाही लागतो. विम्याचा हप्ता वाढेल तो निराळा. न्यूयॉर्कचे पैसे थकवले तर तिथली बंदी उठत नाही आणि इथे लायसन्सचं नूतनीकरण अडतं.

न्यू जर्सीने लायसन्स निलंबित केलं तर प्रिन्स्टनला कसं जाणार, ते आत्ताच बघून ठेवा. कामावर जाण्यापुरतं लायसन्स न्यू जर्सीत मिळत नाही. न्यूयॉर्क काही जणांना कंडिशनल, म्हणजे ठरावीक कामांपुरतं लायसन्स देतं, त्याचा इथल्या निलंबनावर काहीच परिणाम होत नाही.

कमिशनची निलंबनाची नोटीस टपालाने येते, त्यांच्या नोंदीतल्या पत्त्यावर. तीत दिलेल्या मुदतीत सुनावणी लेखी मागावी लागते. माझ्या एका अशिलाने घर बदललं आणि पत्ता कळवला नाही. नोटीस जुन्या अपार्टमेंटमध्ये पडून राहिली. टेललाइट बंद म्हणून पोलिसांनी गाडी थांबवली तेव्हा त्याला कळलं की लायसन्स निलंबित आहे. निलंबन दारूच्या प्रकरणातलं असेल आणि तरी गाडी चालवली, तर इथे १० ते ९० दिवसांची कैद आहे. त्याची बायको कोर्टाबाहेरच्या बाकावर तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. ती मला अजून दिसते. आजच पत्ता तपासा.

आता लग्न. २०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं दारूच्या प्रकरणात नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतं. निकालाची वाट बघत नाहीत. इथे आहात तोवर तुमचं स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, त्यामुळे जात नाही, पण देशाबाहेर पडलात की परत येण्यासाठी नवा व्हिसा लागतो, आणि त्याआधी नेमलेल्या डॉक्टरांकडून तुमची तपासणी होते. खात्याचा ईमेल आला आहे का, स्पॅमसकट बघा. तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. आणि बहिणीला आत्ताच खरं सांगून टाका.

प्रश्न : कनेटिकटमधल्या निकालामुळे न्यू जर्सीने माझं लायसन्स निलंबित केलं आहे. बॉस्टनला नोकरी लागली आहे. मॅसॅच्युसेट्स त्या करारात नाही म्हणे. तिथे नवीन लायसन्स काढलं तर? – म.

उत्तर : मिळणार नाही. मॅसॅच्युसेट्स करारात नाही हे बरोबर. जॉर्जिया, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिनही नाहीत. पण नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर देशभर एकच आहे. कुठेही लायसन्स निलंबित झालेल्यांची नावं त्यात असतात आणि लायसन्स देण्याआधी प्रत्येक राज्य ते बघतं. शिवाय बाहेरच्या राज्यातल्या निकालावर कारवाई करायला मॅसॅच्युसेट्सचा स्वतःचा कायदा आहे. अर्जात निलंबन लपवलंत तर तो वेगळाच गुन्हा होईल. न्यू जर्सीची मुदत पूर्ण करा, रिस्टोरेशनची, म्हणजे लायसन्स पुन्हा सुरू करण्याची १०० डॉलर फी भरा, तसं लेखी पत्र हातात घ्या, आणि मगच बॉस्टनला अर्ज करा. तोवर घर ट्रेनच्या स्टेशनाजवळ बघा.