मुलीची शाळा सोडवायची का? आधी चीनमधलं करिअर कसं चालतं ते बघा

प्रश्न : सर नमस्कार, माझी मुलगी सहावीत आहे, टेबल टेनिस चांगलं खेळते, जिल्ह्यात नंबर येतो. तिचे पप्पा म्हणतात चीनमध्ये पोरं पाच वर्षांची असल्यापासून हेच करतात म्हणून तर जिंकतात, आपण पण शाळा बंद करू, परीक्षा बाहेरून देऊ. मला काय पटेना झालंय. तिकडं नेमकं कसं असतं सांगा की.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पाच वर्षांचं ते खरं आहे. चीनचा ऑलिम्पिक चॅम्पियन मा लाँग घ्या, जन्म 1988 चा, लिआओनिंग प्रांतातल्या आनशानचा, पाचव्या वर्षी बॅट हातात घेतली आणि लहान वयातच घर सोडून बीजिंगला गेला. पण तुमच्या मिस्टरांनी अर्धंच ऐकलंय. तिकडं पोरगं शाळा सोडून घरी बसत नाही, सरकारी क्रीडाशाळेत जातं, तिथून प्रांताची टीम, मग राष्ट्रीय दुसरी टीम, मग पहिली, आणि प्रत्येक पायरीवर बहुतेक पोरं गळतात. वर पोचलेल्याला राहणं, खाणं, कोच, फिजिओ सगळं मिळतं, मल्टिबॉलला, म्हणजे एकामागून एक बॉल मारायच्या सरावाला, बादली भरून बॉल टाकणारा माणूस असतो, परदेशी खेळाडूची स्टाईल हुबेहूब खेळून दाखवणारे पार्टनरसुद्धा ठेवलेले असतात. यातलं आपल्याकडं काय आहे सांगा, मे महिन्यात हॉलमधले पंखे बंद करून खेळावं लागतं कारण बॉल फक्त 2.7 ग्रॅमचा, वाऱ्यानं वळतो, आणि त्या उकाड्यात पोरी तासतासभर खेळतात, मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

आणि एवढं सगळं मिळूनही खरी मारामारी आपल्याच टीममधल्या पोरांशी असते ओ. 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सिंगल्सची सहाच्या सहा मेडल चीननं नेली, त्यानंतर 2012 पासून एका देशाला सिंगल्समध्ये दोनच जागा. लंडनला त्या झांग जिके आणि वांग हाओला मिळाल्या, मा लाँग तेव्हा जगातल्या अगदी वरच्या खेळाडूंत होता तरी त्याला फक्त टीम इव्हेंट खेळायला मिळाली. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये 2009, 2011, 2013 असं तीनदा सेमीफायनलला हरला, तिन्ही वेळा वांग हाओकडूनच. पहिलं सिंगल्सचं वर्ल्ड टायटल 2015 ला सुझोऊमध्ये, म्हणजे वयाच्या 26 व्या वर्षी. मग 2017, 2019, रिओ ऑलिम्पिकचं गोल्ड, 2019 ला गुडघ्याचं ऑपरेशन, आणि तरी टोकियोत फॅन झेंडाँगला 4-2 हरवून परत गोल्ड, पुरुषांमध्ये लागोपाठ दोन सिंगल्स गोल्ड त्याच्या आधी कुणालाच जमले नव्हते. पॅरिसला टीमचं धरून ऑलिम्पिक गोल्ड झाले सहा.

वांग हाओचं बघितलं की मला जास्त वाईट वाटतं. 2009 चा वर्ल्ड चॅम्पियन, पण 2004, 2008, 2012 तिन्ही ऑलिम्पिकच्या सिंगल्समध्ये सिल्व्हर, त्यातल्या दोन फायनल चीनच्याच खेळाडूंकडून हरला. म्हणजे सगळं सोडून, सगळं मिळूनही हे असं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, शाळा सोडवू नका. सकाळी शाळेआधी एक सेशन, संध्याकाळी एक, त्यात मल्टिबॉल आणि सर्व्हिस रोज, आणि सुट्टीत पुण्याला चांगल्या पार्टनरसोबत खेळायला पाठवा, कारण एकाच हॉलमधल्या त्याच चार पोरींशी खेळून गेम वाढत नाही. चीनच्या पोरींना आपल्या मुली हरवू शकत नाहीत असंही काही नाही. फेब्रुवारी 2024 ला बुसानच्या टीम वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये अयहिका मुखर्जीनं तेव्हाच्या नंबर वन सुन यिंगशाला आणि श्रीजा अकुलानं वांग यिदीला हरवलं, टाय, म्हणजे टीमची लढत, आपण 3-2 नं हरलो तरी. या मॅचेस मुलीला दाखवा, तिच्या पप्पांना पण शेजारी बसवा.

प्रश्न : सर, हे चायनीज प्लेअर रिटायर झाल्यावर काय करतात?
— एक विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : बरेच जण कोच होतात. लिऊ गुओलिआंग 1996 ला ऑलिम्पिक चॅम्पियन, पुढं हेड कोच, मग 2025 पर्यंत तिथल्या असोसिएशनचा अध्यक्ष. वांग हाओ पण पुरुष टीमचा कोच झाला. पण तू डेंग यापिंगबद्दल नक्की वाच. उंची कमी म्हणून प्रांताच्या टीमनं आधी घेतलं नव्हतं, तिनं चार ऑलिम्पिक गोल्ड जिंकले, 24 व्या वर्षी खेळ थांबवला आणि कॉलेजला गेली, इंग्रजी जवळजवळ शून्यातून शिकली आणि पुढं केंब्रिजमधून पीएचडी केली. काही जण परदेशात जाऊन तिथल्या टीमकडून खेळतात. नी शियालिआन 1983 ला चीनकडून वर्ल्ड चॅम्पियन होती, 2024 ला पॅरिसमध्ये लक्झेंबर्गकडून उतरली तेव्हा वय होतं 61 आणि पहिली मॅच जिंकली पण.