गार्ड आणि वॉर्ड सख्खे भाऊ, पण फॉरवर्ड कोणीच नाही

इस्पितळाचा वॉर्ड, महापालिकेचा वॉर्ड आणि दारावरचा गार्ड यांचा एकमेकांशी संबंध आहे का, असा प्रश्न आहे. आहे, आणि अगदी जवळचा.

मूळ जर्मानिक (इंग्रजी, जर्मन यांच्या पूर्वज भाषेतल्या) धातूचा अर्थ ‘नजर ठेवणे, राखणे’. जुन्या इंग्रजीत त्याचा ‘वेआर्ड’ म्हणजे राखणदार झाला. वॉर्ड त्यातूनच आला. हाच धातू फ्रँक या जर्मानिक टोळ्यांबरोबर फ्रान्सात गेला. पॅरिसकडच्या बोलीने सुरुवातीच्या ‘व’चा ‘ग’ केला, त्यामुळे तिथे ‘गार्दे’ हे क्रियापद रुळलं आणि इंग्रजीत ‘गार्ड’ आलं. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीकडे मात्र ‘व’ टिकला. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या नॉर्मन लोकांनी तो इंग्लंडात नेला. (त्यांचा ड्यूक विल्यम, फ्रेंचमध्ये गियोम. तोच ‘व’, तोच ‘ग’.)

म्हणून जोड्या दिसतात: वॉर्डन-गार्डियन, रिवॉर्ड-रिगार्ड. वॉर्डरोब म्हणजे आधी कपडे राखायची खोली, कपाट नंतरचं. त्याचाच ‘ग’वाला भाऊ ‘गार्डरोब’ मध्ययुगीन किल्ल्यांत चक्क शौचकूप झाला!

अर्थ कसा पसरला? राखणं, मग राखायची हद्द: शहराचा भाग, इस्पितळाचा कक्ष. कुलपाच्या आतल्या ज्या कडा चुकीची किल्ली फिरू देत नाहीत, त्याही वॉर्डच. आणि ज्याला राखायचं तोही वॉर्ड. आपल्याकडच्या १८९० च्या ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स’ कायद्यात राखणारा ‘ग’चा आणि राखला जाणारा ‘व’चा आहे. मराठीत पालक आणि पाल्य. धातू एकच, हे भाषांतर मला मुळापेक्षाही नेटकं वाटतं.

लपलेले नातेवाईकही आहेत. ‘लॉर्ड’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘ह्लाफवेआर्ड’, पावाचा राखणदार. स्टुअर्डच्या शेवटी असलेला ‘वर्ड’ तोच, घर राखणारा.

लोक फसतात ते इथे. फॉरवर्ड, बॅकवर्डमधला ‘वर्ड’ ‘वळणे’ या अर्थाच्या वेगळ्या धातूचा आहे. गार्डन गार्डचं नाही, ते ‘यार्ड’च्या घराण्यातलं, म्हणजे कुंपण घातलेली जागा. कावर्ड फ्रेंच ‘शेपूट’वरून आला. वॉरंटी-गॅरंटी हीदेखील ‘व’-‘ग’ची खरीखुरी जोडी, पण तिचा धातू ‘झाकणे, जपणे’ या अर्थाचा वेगळा मानतात. तेव्हा ‘व’ आणि ‘ग’ जुळले म्हणून नातं जोडू नका. ‘नजर ठेवणे’ हा अर्थ मुळाशी सापडतो का, ते आधी शोधा.