अमेरिकेत शिक्षण खातं बंद करून शिक्षण राज्यांकडे सोपवलं, तर नेमकं काय बदलेल?

अभ्यासक्रम बदलेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो आधीपासूनच राज्यांच्या आणि स्थानिक मंडळांच्या हातात आहे. तिथल्या संविधानात शिक्षणाचा उल्लेखही नाही. केंद्रीय शिक्षण खातं 1979 च्या कायद्याने आलं, आणि शाळांच्या खर्चात केंद्राचा वाटा साधारण 10 टक्के.

माझ्या मते खरी काळजी त्या 10 टक्क्यांची आहे. शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. जिथे घरं महाग, तिथल्या शाळेची तिजोरी भरलेली. 1965 च्या केंद्रीय कायद्यातला 'टायटल वन' निधी मात्र गरीब वस्त्यांतल्या शाळांना मिळतो. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी जादा शिक्षक त्यातूनच नेमले जातात. 1975 च्या केंद्रीय कायद्यामुळे अपंग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. शाळेला त्याच्यापुरता लेखी आराखडा करावा लागतो, आणि तो पाळला नाही तर पालक दाद मागू शकतात. त्याआधी अनेक राज्यं अशा मुलांना सरळ शाळेबाहेर ठेवत! स्थानिक गरजा राज्यांना जास्त कळतात हे मलाही मान्य आहे, पण हा इतिहास विसरून कसं चालेल?

मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांनी खातं गुंडाळण्याचा आदेश काढला. ते पूर्ण बंद करायला मात्र तिथल्या संसदेचीच मंजुरी लागते. तोवर निधीच्या अटींवर लक्ष ठेवा. अटी काढून राज्यांना एकगठ्ठा रक्कम दिली, तर ती गरीब शाळांपर्यंत पोहोचेलच याची हमी उरत नाही.