एसीची कूस भिंतीत गाडू नका

होळी झाली की नागपुरात कूलरच्या टाक्या घासायला निघतात, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे एसीची पत्रे येऊ लागतात. यंदाची बहुतेक पत्रे खिडकीत किंवा थेट भिंतीत बसणाऱ्या एकसंध एसीबद्दल आहेत. यात कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल आणि पंखे एकाच डब्यात असतात. तांब्याचे पाईप ओढायचे नाहीत, गॅस भरायचा नाही, म्हणून लोक हे काम गवंड्यावर सोडून मोकळे होतात. तक्रारी वाचल्या की कळते, चूक यंत्राची क्वचितच असते. ती भिंतीत असते.

प्रश्न : नऊ इंची भिंत फोडून दीड टनाचा विंडो एसी बसवला. मार्चमध्ये छान चालला. आता दुपारी दोननंतर कॉम्प्रेसर बंद पडतो, नुसता पंखा फिरतो, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू. मेकॅनिक म्हणतो, गॅस कमी झाला. भरून घेऊ का? (मानेवाडा)

नको, आधी बाहेर जाऊन डबा पाहा. गॅस कमी असता तर रात्रीही गारवा कमी पडला असता आणि आतल्या कॉइलच्या एका भागावर बर्फ धरला असता. शिवाय विंडो एसीची नळी कारखान्यातच बंद केलेली असते. गॅस भरायचा म्हणजे ती कापून पुन्हा झाळायची आणि गळती कुठे आहे तेही शोधायचे. हे न करता ‘थोडा गॅस मारून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

तुमच्या पत्रातली खूण वेगळीच आहे : दुपारीच बंद पडणे आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होणे. हे ओव्हरलोड प्रोटेक्टरचे, म्हणजे फार तापलेला कॉम्प्रेसर बंद करणाऱ्या स्विचचे, काम. डब्याच्या दोन्ही कुशींना, बऱ्याच मॉडेलमध्ये वरच्या बाजूलाही, जाळीसारख्या चिरा असतात. मागचा पंखा त्यांतून बाहेरची हवा ओढतो आणि मागच्या कॉइलमधून गरम करून पाठीमागे फेकतो. या चिरा भिंतीच्या आत गेल्या की हवा येणार कुठून? पंखा मग पाठीमागे टाकलेलीच गरम हवा फटींतून परत ओढतो. मार्चमध्ये हे खपून जाते. बाहेर ४५ अंश झाले की कॉइल गॅसची उष्णता टाकू शकत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो.

मोजपट्टी घ्या. डब्याच्या पुढच्या कडेपासून पहिल्या चिरेपर्यंतचे अंतर मोजा. नऊ इंची भिंत आतल्या-बाहेरच्या प्लास्टरसह साधारण २६ सेंमी भरते. समजा पहिली चीर ३२ सेंमीवर आहे. डबा खोलीत ४ सेंमी पुढे काढला असेल तर ती आतल्या प्लास्टरपासून २८ सेंमीवर येते, म्हणजे मोकळी. पण शोभेसाठी डबा १० सेंमी आत काढला, तर ती २२ सेंमीवर येऊन भिंतीत गाडली जाते. समोरचे पॅनेल बसायला लागेल तेवढाच डबा आत ठेवायचा. तुमचा डबा बाहेर सरकवता येतो का बघा. मागचे ब्रॅकेट आखूड पडत असेल तर आधी ते वाढवून घ्या. सरकत नसेल तर भिंतीची बाहेरची कड दोन्ही बाजूंनी तिरपी, ४५ अंशांत, तासून घ्यावी. मात्र त्याआधी वरचे लिंटेल, म्हणजे भोकावरचा भार पेलणारी आडवी तुळई, बाहेरच्या रुंद झालेल्या भोकाला पुरते की नाही ते पाहा. दोन्ही टोकांना ते किमान १५ सेंमी भिंतीवर टेकलेले हवे.

मागे दोन-अडीच फूट आणि कडेला फूटभर जागा मोकळी ठेवा. पुस्तिकेत जास्त दिली असेल तर तेवढी. कबुतरांसाठी जाळी लावायची तर इंचभर भोकाची. मच्छरजाळी लावाल तर ती मेच्या धुळीने आठवडाभरात बुजेल आणि तुम्ही पुन्हा पत्र लिहाल.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड फूट जाडीच्या आहेत. भोक कुठे पाडावे? (महाल)

पाडूच नये. प्लास्टरसकट ५० सेंमीच्या भिंतीत वर सांगितलेल्या चिरा २२ सेंमी आत दबतील. तेवढे तासायचे तर बाहेरचे भोक प्रत्येक कुशीला २२ सेंमी वाढेल, आणि वरच्या मजल्याचा भार पेलणाऱ्या जुन्या विटकामात तो खेळ करू नये. चार फुटी खिडकी वापरा. १२० सेंमीच्या खिडकीत ६६ सेंमीचा डबा मध्ये बसवला तर दोन्हीकडे २७ सेंमी हवा मिळते.

मात्र डब्याभोवतीची उरलेली जागा १२ मिमीच्या प्लायवूडने बंद करताना सुतार तो नेमका बाहेरच्या कडेला ठोकतो, कारण तिथे खिळा सोपा बसतो. प्लाय आतल्या रेषेत, म्हणजे चिरांच्या अलीकडे, खोलीच्या बाजूला हवा. प्लाय आणि डबा यांच्यात फोमची पट्टी लावा. डब्याला फुगून घट्ट होणारा पीयू फोम फवारू नका. पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगला डबा निघणार नाही.

प्रश्न : खिडकीबाहेर कूलरचा लोखंडी स्टँड आहे. पाणी भरलेला कूलर पेलतो, मग एसी का नाही? (हुडकेश्वर)

वजनाचे गणित बरोबर आहे. दीड टनाचा विंडो एसी साधारण ५० ते ६० किलोंचा, भरलेला कूलरही त्याच घरातला. फरक दोन गोष्टींचा. एसीचा कॉम्प्रेसर मागच्या बाजूला असतो, म्हणजे जड अंग भिंतीपासून दूर लोंबते. आणि त्याची थरथर सतत चालू असते. कूलरच्या स्टँडचे साधे नट दोन महिन्यांत सैल होतात.

शिवाय कूलरचा स्टँड वर्षानुवर्षे क्षाराच्या पाण्यात भिजलेला असतो. वेल्डिंगच्या सांध्यावर पांढरा थर दिसेल, तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडा. खाली लोखंडाचे पापुद्रे निघाले तर स्टँड भंगारात. चांगला निघाला तर ५० किलोच्या सिमेंटच्या दोन गोण्या मागच्या काठाकडे ठेवून रात्रभर सोडा, खाली कोणी फिरकणार नाही अशी दोरी बांधून. सकाळी मागची कड झुकली नसेल आणि भिंतीजवळ चीर नसेल, तर रंग मारा, स्प्रिंग वॉशर घाला, खाली रबरी पॅड द्या आणि वापरा.

नवा करायचा तर ४०×४०×५ मिमीच्या अँगलचा, खाली तिरका आधार दिलेला. राखेच्या भरीव विटेत १० किंवा १२ मिमीचा अँकर बोल्ट धरतो. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या भिंतीत तो आज धरतो आणि उद्या सुटतो. तिथे बोल्ट आरपार काढून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी द्या.

प्रश्न : उन्हाळ्यात थेंब नाही, जुलैमध्ये मात्र एसीतून पलंगावर पाणी. (धरमपेठ) / डब्यात पाणी उडाल्याचा आवाज येतो, तळाला भोक पाडू का? (त्रिमूर्तीनगर)

दोघांचे उत्तर एकाच ताटात आहे, म्हणजे डब्याच्या तळाच्या ताटात. मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी फारसे धरत नाही. पावसाळ्यात तोच दीड टनाचा एसी तासाला लीटर-दीड लीटर पाणी गाळू शकतो. हे पाणी मागे जायला हवे, म्हणून डबा मागे किंचित उतरता ठेवतात. पुस्तिकेत आकडा नसेल तर पूर्ण लांबीत ५ ते १० मिमी, लेव्हलच्या बुडबुड्याने तपासून. धरमपेठेच्या वाचकांनी आधी उतार पाहावा, मग निचऱ्याचे भोक : शेवाळ, धूळ किंवा गांधीलमाशीचे मातीचे घर अडकलेले असते. ‘जास्त उतार तर जास्त चांगले’ असेही नाही. फार झुकवला तर थरथर वाढते.

आवाजाचे म्हणाल तर तो मुद्दाम ठेवलेला आहे. मागच्या पंख्याच्या पात्यांभोवती एक गोल कडे (रिंग) असते. ते ताटातले पाणी उचलून गरम कॉइलवर शिंपडते, त्याने कॉइल थंड होते. आपल्या खसच्या ताटीचेच तत्त्व. भोक पाडाल तर ही फुकटची मदत जाईल, आणि ड्रिल चुकून नळीला लागले तर गॅसही.

प्रश्न : एसी सुरू होताना घरातले दिवे मंदावतात. चार केव्हीएचा स्टॅबिलायझर आहे, तरी हेच. (इतवारी)

वायर किती जाडीची आहे ते तुम्ही लिहिले नाही, आणि दुखणे तिथेच असावे. दीड टनाचा एसी चालताना साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. पण इन्व्हर्टर तंत्राचा (वेग कमी-जास्त करणारा) नसलेला, साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो. समजा ४० अँपिअर. मीटरपासून एसीपर्यंत २० मीटर अंतर आणि १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर असेल, तर त्या क्षणी १९ व्होल्ट वायरीतच जिरतात. ४ चौरस मिमीच्या वायरीत ७. मीटरवर आधीच १९० आले असतील, तर हा फरक कॉम्प्रेसर उठणे आणि अडकून गुरगुरणे यातला आहे.

स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. १८० व्होल्टचे २२० करायचे तर तो मागून अधिक करंट ओढतो. एसीच्या ८ अँपिअरसाठी जवळपास १०. म्हणजे बारीक वायरीवर भार वाढतोच.

एसीसाठी मीटर बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरी अर्थिंग. अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आली म्हणजे ती जमिनीत पोचली असे नाही, वायरमनकडून मोजून घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर याच वेळी बसवा. जुन्या इतवारीत अजून ॲल्युमिनियमच्या वायरी निघतात. त्यांचा तांब्याशी केलेला जोड पिळून टेप लावलेला असेल तर तो आधी तापतो. प्लगच्या पिनांजवळचे प्लास्टिक पिवळे पडले असेल तर आजच बंद करा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. एसी, गिझर आणि पंप मिळून त्यापुढे जात असतील तर भार वाढवायचा अर्ज करा.

प्रश्न : कूलर आणि एसी सोबत चालवले तर गारवा दुप्पट होईल ना? (सक्करदरा)

होणार नाही. कूलर हवेत पाणी मिसळतो, एसी ते पिळून काढतो, आणि कूलरसाठी उघडी ठेवलेली खिडकी एसीने थंड केलेली हवा बाहेर सोडते. एका वेळी एकच. एसीसोबत छताचा पंखा हळू चालवा.

प्रश्न : दहा बाय बाराच्या खोलीला दुकानदार दीड टन सांगतो. खपवतोय का? (वर्धमाननगर)

तुमची खोली गच्चीच्या स्लॅबखाली असेल तर नाही. खाली मजला, वर मजला आणि पश्चिमेला भिंत नाही, अशा १२० चौरस फुटांना एक टन पुरतो. पण वर तापलेला स्लॅब असेल तर दीडच घ्या. डब्यावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले आहेत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, दीड टन पूर्ण दीड टन राहत नाही. खरेदी करताना कमाल किती तापमानापर्यंत यंत्र चालते ते पुस्तिकेत वाचा, आणि जमले तर पश्चिमेऐवजी उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत निवडा. डब्यावर छज्जा असला तर उत्तमच, फक्त मागून आणि कुशीतून वारा अडायला नको. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, तो एसीपेक्षा स्वस्त पडतो.

प्रश्न : सोसायटी दर्शनी भागावर बाहेरचे युनिट किंवा डबा लावू देत नाही. पर्याय? (मनीषनगर)

पूर्ण यंत्र खोलीत भिंतीवर लावून फक्त दोन गोल भोके बाहेर काढायची, असे एसी मिळतात. प्रत्येक भोक साधारण १६ सेंमीचे : एकातून हवा आत, दुसऱ्यातून गरम हवा बाहेर. क्षमता साधारण पाऊण टनाच्या आसपास, आवाज सगळा खोलीत. कोअर कटरने भोके पाडा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, आणि कॉलम-बीमला हात लावू नका. छोट्या खोलीपुरता ठीक. मेच्या दुपारी त्याच्याकडून हॉल थंड होण्याची आशा धरू नये.

प्रश्न : बसवणारा पैसे मागतोय. काम बरोबर झाले हे कसे ओळखू? (नंदनवन)

त्याला वीस मिनिटे थांबवा. वाहतुकीत डबा आडवा झाला असेल तर उभा करून काही तास गेले आहेत ना, हे आधी विचारा. कॉम्प्रेसरचे तेल जागेवर यायला वेळ लागतो. मग ‘हाय कूल’वर चालवा. ताज्या हवेची खिडकी, म्हणजे पॅनेलवरची ‘व्हेंट’ची खुंटी, बंद करा, बऱ्याच घरांत ती वर्षभर उघडी राहते. चालू करताच २४ अंश दिसले तर बिघाड नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ वरच सुरू होतात.

पंधरा मिनिटांनी साधा थर्मामीटर आधी हवा आत ओढणाऱ्या जाळीजवळ धरा, मग गार हवेच्या झोतात. ८ ते १२ अंशांचा फरक हवा. मग हात लावून खिडकीची चौकट बघा. ती गुणगुणत असेल तर रबरी पॅड राहिले आहेत. शेवटी बाहेर जा आणि कुशीच्या चिरांसमोर टिश्यू पेपर धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. नुसता फडफडून खाली पडला, तर पैसे उद्या.