प्लँकने पोट कमी झालं नाही, मग झालं काय?

दोन महिने रोज दोन मिनिटं प्लँक (कोपरं आणि पायांची बोटं टेकवून शरीर सरळ रेषेत धरणं) करूनही पोट तसूभर आत गेलं नाही, तेव्हा हा कोअरचा, म्हणजे पोट-कमरेच्या स्नायूंचा, व्यायाम वाया गेला का, असं तुम्ही विचारलंय. वाया गेलेला नाही. चरबी एका जागेवरून हटवणं हे या व्यायामाचं कामच नव्हे. फरक पडतो तो आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी.

पोटाच्या पुढच्या बाजूला उभा रेक्टस असतो, सिक्स पॅक म्हणतात तो हाच. कडेला तिरक्या स्नायूंचे दोन थर, आणि सगळ्यांत आत ट्रान्सव्हर्सस, कमरपट्ट्यासारखा आडवा. तो आवळला की पोटातला दाब वाढतो, वरून श्वासपटल आणि खालून ओटीपोटाचा तळ साथ देतात, आणि कण्याला आधार मिळतो. गंमत म्हणजे हात झटकन वर करताना हात हलण्याआधीच हा स्नायू कामाला लागतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो, असं ऑस्ट्रेलियातले संशोधक हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. म्हणून इथे ताकदीइतकंच वेळेवर जागं होणंही महत्त्वाचं.

माझी कंबर धरली तेव्हा मी महिनोन् महिने सिट-अप्स मारत होतो. फिजिओथेरपिस्टने उताणं झोपवून, गुडघे दुमडून, कमरेच्या पुढच्या हाडांच्या जरा आत बोटं ठेवायला लावली. हलकं खोकलं की बोटांखाली ताण कळतो. मग न खोकता, श्वास चालू ठेवून, ओटीपोट अलगद आत घेत तोच ताण आणायचा. मला आठवडाभर जमेना! पोट फुगून बोटं वर ढकलली जात किंवा श्वास अडकत असे.

ते जमल्यावर डेड बग (उताणं पडून विरुद्ध हात-पाय लांब करणं), बर्ड डॉग (रांगण्याच्या स्थितीत विरुद्ध हात-पाय ताणणं), साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर शरीर उचलून धरणं). एका वेळी १० सेकंद धरा, सोडा, पुन्हा धरा. कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल हेच सुचवतात. दोन मिनिटांच्या प्लँकमध्ये शेवटी कंबर खचते आणि भार मणक्यांवर जातो.

जुन्या कंबरदुखीत मात्र हा व्यायाम इतर व्यायामांपेक्षा सरस ठरलेला नाही. चालणं आवडत असेल तर तेही सोडू नका. पायाला मुंग्या येत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

उद्याचा प्लँक बाजूने मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कंबर कितव्या सेकंदाला खाली येते ते इथे लिहा. त्यावरून किती वेळ धरायचं ते ठरवू.