रीलीनचे तीन बँड: अँटिबॉडी बदलण्याआधी हे वाचा

तुमची अडचण थोडक्यात अशी: उंदराच्या मेंदूच्या लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या अर्कावर) रीलीन या प्रथिनाला ओळखून चिकटणारी जी-१० अँटिबॉडी लावली, तर वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत, साधारण ४००, ३०० आणि १८० किलोडाल्टनला तीन बँड येतात, आणि गाइड म्हणतात एकच बँड हवा, अँटिबॉडी बदला. मेंदूच्या पातळ कापांवर, म्हणजे सेक्शनवर, रक्तवाहिन्याही उजळतात. माझं मत विचाराल तर अँटिबॉडी बदलू नका. ब्लॉट ठीक दिसतोय.

रीलीन हे पेशीबाहेर सोडलं जाणारं अवाढव्य प्रथिन आहे, ३,४०० हून जास्त अमिनो आम्लांचं. ते मुख्यतः दोन ठिकाणी कापलं जातं. जी-१० त्याच्या एन-टोकाकडच्या भागाला (प्रथिनसाखळीच्या सुरुवातीला; शेवट म्हणजे सी-टोक) चिकटते, त्यामुळे ते टोक शिल्लक असलेला प्रत्येक तुकडा तिला दिसतो: अख्खं प्रथिन, सी-टोक गेलेलं प्रथिन आणि नुसता एन-टोकाचा तुकडा. व्हीएलडीएलआर आणि एपोईआर२ या रिसेप्टरना बांधणारा मधला भाग सुटा झाला की तो मात्र तिला दिसतच नाही. म्हणून १८० चा बँड गडद झाला की लगेच ‘रीलीन वाढलं’ असं लिहू नका. कदाचित फक्त कापणी वाढली असेल. तिन्ही बँड वेगवेगळे मोजा.

कापणारी काही एन्झाइम्स एडीएएमटीएस कुळातली, म्हणजे जस्तावर चालणारी. तुमचं इनहिबिटर कॉकटेल (एन्झाइम्स थांबवणारं मिश्रण) ईडीटीए-विरहित, म्हणजे जस्त पकडून ठेवणाऱ्या रसायनाशिवायचं, असेल तर त्यांना कोणी अडवत नाही. ते आधी तपासा. नमुना उकळूही नका. एवढं मोठं प्रथिन गुठळी होऊन जेलच्या विहिरीतच (नमुना भरायच्या खाचेत) अडकतं. ३ ते ८ टक्के ट्रिस-ॲसिटेट जेल घ्या आणि ट्रान्सफर रात्रभर थंडीत करा. ॲक्टिन ४२ किलोडाल्टनचं, ते अशा जेलमधून खालून निघून जातं. लोडिंग कंट्रोलला, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रथिन भरलंय हे तपासायला, व्हिन्क्युलिन हे मोठं प्रथिन घ्या.

आता खरा मुद्दा. बँड किती आले यावरून अँटिबॉडी खरी की खोटी हे ठरत नाही. ते ठरवतो रीलर उंदीर. लडखडत चालणारा हा उंदीर फाल्कनर यांनी १९५१ साली नोंदवला. त्याचा बिघडलेला जनुक, म्हणजेच रीलीनचा, १९९५ मध्ये सापडला. त्याच वर्षी जपानमधल्या मिकोशिबांच्या गटाने सीआर-५० अँटिबॉडी जाहीर केली, आणि ती करण्याची रीत मला आजही थक्क करते. त्यांनी रीलर उंदरालाच सामान्य भ्रूणाच्या मेंदूचा अर्क टोचला. त्याच्या अंगात रीलीन नाही, म्हणून त्याच्या प्रतिकारशक्तीला ते परकं वाटलं आणि तिने नेमकं तेच हेरलं! तुम्हीही एखाद्या गटाकडून रीलरचा थोडा लायसेट मागून शेजारच्या लेनमध्ये चालवा. तिथे तिन्ही बँड गायब झाले, तर गाइडचीही शंका उरणार नाही. यकृताचा नमुना निगेटिव्ह कंट्रोल म्हणून घेऊ नका. यकृतात आणि रक्तातही रीलीन असतं.

रीलर मिळेपर्यंत १४ ते १६ दिवसांच्या भ्रूणाचं कॉर्टेक्स बघा. पाया मेटर या मेंदूला चिकटलेल्या पातळ आवरणाच्या अगदी खाली, मार्जिनल झोन या सर्वांत वरच्या थरात, रीलीन बनवणाऱ्या काहाल-रेट्झियस पेशींची एक बारीक रांग लख्ख उजळायला हवी, आणि तिच्या खालची कॉर्टिकल प्लेट जवळजवळ काळी. त्या एकाच सेक्शनमध्ये तुम्हाला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही मिळतात.

रक्तवाहिन्यांचं कारण साधं आहे. जी-१० उंदरात बनलेली, ऊतकही उंदराचं, त्यामुळे सेकंडरी (जी-१० या प्रायमरीला शोधणारी, रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी) तिथल्या मूळच्या आयजीजीलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही, चिकटते. मोठ्या उंदरांत परफ्यूजन (वाहिन्यांतलं रक्त धुऊन काढणं) नीट करा आणि प्रायमरीआधी उंदराच्या आयजीजीविरुद्धचे, रंग न जोडलेले फॅब तुकडे (अँटिबॉडीचे चिकटणारे छोटे तुकडे) लावून ब्लॉक करा. प्रायमरी वगळलेलं एक सेक्शन कायम सोबत ठेवा. त्यातही वाहिन्या उजळल्या तर दोष सेकंडरीकडे आहे. तरीही जमलं नाही तर शेळीत बनलेली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेली) प्रायमरी घ्या, फक्त तेव्हा ब्लॉकिंगला शेळीचं सीरम नको. गाढवाचं सीरम वापरा आणि सेकंडरीही गाढवातलीच घ्या.