गिटारसाठी व्हॉल्व्हचा हेडफोन अँप घरी बनवता येईल का?

तुमचा प्रश्न असा: देवगडला घर, रात्री माजघरात माणसं झोपलेली, इलेक्ट्रिक गिटार हेडफोनवर वाजवायची आहे. १२एएक्स७ या व्हॉल्व्हचा (आवाज वाढवणारी काचेची नळी) २५० व्होल्टवर चालणारा आराखडा हाती आलाय, तो बनवू का?

अँप जरूर बनवा, पण तो आराखडा बाजूला ठेवा.

मी रत्नागिरीजवळ राहतो. माझा पहिला अँप २५० व्होल्टचाच होता. एकदा प्लग काढून चहा घ्यायला गेलो, परत येऊन आत स्क्रूड्रायव्हर घातला, तो वीज साठवून ठेवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरला लागला. कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर मी बसवलाच नव्हता. ठिणगीने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला मोहरीएवढा खड्डा पाडला. तिथे माझं बोटही असू शकलं असतं. पहिल्याच कामाला एवढा व्होल्टेज घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

शिवाय त्याची गरजही नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॅट द्यायला जेमतेम ०.१८ व्होल्ट लागतात. १२एएक्स७ची प्लेट, म्हणजे आवाज बाहेर पडतो ते टोक, एवढ्या कमी ओहमचा भार थेट ओढू शकत नाही. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर हवा, आणि चांगला ट्रान्सफॉर्मर मिळवणं हीच मोठी खटपट.

त्याऐवजी १२एयू७ हा व्हॉल्व्ह घ्या. त्याचा हिटर, म्हणजे आतली तापणारी तार, १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर घेतो: ४ आणि ५ नंबरच्या पिनांना पुरवठा द्यायचा, ९ नंबरची मोकळी सोडायची. प्लेटलाही तेच १२ व्होल्ट चालतात. एका काचेत दोन ट्रायोड (आवाज वाढवणारे दोन वेगळे भाग) असतात, ते एकापाठोपाठ जोडा आणि मध्ये व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, ठेवा. पॉट वाढवला की दुसऱ्या ट्रायोडमध्ये आवाज हळूहळू फाटायला लागतो, गिटारला हवा तो आवाज तिथेच तयार होतो. गिटारच्या बाजूला ग्रिडवर (ट्रायोडचं आत येणारं टोक) १ मेगओहमचा रेझिस्टर हवा, तो फार कमी ओहमचा असेल तर पिकअपचा आवाज मंद होतो.

हेडफोन हाकायला आयआरएफ५१० मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) सोर्स फॉलोअर म्हणून लावा, म्हणजे तो व्होल्टेज न वाढवता फक्त जास्त करंट देतो. त्याच्या खाली करंट धरून ठेवायला एलएम३१७ ही रेग्युलेटर आयसी आणि ४.७ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे सुमारे २६५ मिलिअँपिअर. दोघेही तापतात. हीटसिंक हवाच, आणि दोघांच्या पाठीला अभ्रकाची चकती हवी, कारण त्या पत्र्यांवर व्होल्टेज असतो. आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हेडफोनच्या जॅकमध्ये डावी-उजवी टोकं एकत्र जोडा, म्हणजे आवाज दोन्ही कानांत येईल.

इतकं करूनही पहिल्यांदा ऐकाल तेव्हा कानात माशी गुणगुणल्यासारखी खरखर येईल. बहुतेक जण इथे व्हॉल्व्ह बदलत बसतात. व्हॉल्व्हचा यात दोष नसतो. गिटारच्या अँपचा मोठा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं वाजवतच नाही. हेडफोन मात्र सगळं वाजवतो. म्हणून दुसरा ट्रायोड आणि मॉसफेट यांच्या मध्ये ३३ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर यांचा फिल्टर घाला. हिशेबाने तो सुमारे ४,८०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापतो. व्हॉल्व्हच्या स्वतःच्या रोधामुळे ही मर्यादा प्रत्यक्षात आणखी खाली येते, तेव्हा आधी ४७० पिकोफॅरड लावून ऐका, मग वाढवा. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा दोन-तीन रुपयांचा कपॅसिटर आहे. एक संध्याकाळ फक्त यावर घालवा.

पुरवठ्याला १२ व्होल्टचा अॅडॉप्टर चालतो, पण स्वस्त चार्जरची शीळ ऐकू येते. मी यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी वापरतो. पावसाळ्यात लाईट गेली तरी दहा तास सहज निघतात आणि हमही नाही. तारेत १ अँपिअरचा फ्यूज घाला. चार्जिंग चालू असताना मात्र वाजवू नका, तेव्हा व्होल्टेज १४च्या वर जातो आणि हिटरला तो जास्त आहे.

आता खाऱ्या हवेचं. माझ्या पहिल्या अँपचा जॅक दोन पावसाळ्यांत आतून हिरवा पडला होता. प्लग फिरवला की कडकड. आता सोल्डर झालं की बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून फ्लक्स (सोल्डरची चिकट राळ) काढतो, वाळवतो आणि वार्निशचा फवारा मारतो, सॉकेट आणि पॉट झाकून. सॉकेट सिरॅमिकचं, स्क्रू स्टेनलेसचे. वापरात नसताना अँप घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, जसे आपण मिरगाच्या आधी पापड भरून ठेवतो तसा.

चालू करताना हेडफोन कानावर नको, आउटपुटचा कपॅसिटर भरताना जोरात धप्प होतं. अर्धा मिनिट थांबा. दिवा मालवलेला असेल तर काचेच्या आत हिटरचं टोक हळूहळू तांबूस होताना दिसेल. ते स्थिर झालं की पॉट शून्यावर आहे ना बघा आणि मग हेडफोन चढवा.